बाटलीच्या बुडाचा डोळा

"गावलो असतलो ना तो मेलो कॅमेऱ्यात?" गंगुबाईने हवालदाराच्या टेबलावर दोन्ही हात टेकून पुन्हा विचारलं.

"गावला असेल, मावशी. तुम्ही बसा आधी. फुटेज कंट्रोल रूममधून मागवावं लागतं. दोन दिवस तरी जातील."

"जाऊ देत. त्याचं तोंड दिसेपर्यंत मी पोरीला हलवायची नाही तिथून."

तिथून म्हणजे परळच्या हॉस्पिटलातल्या शवागारातून. तिची लेक श्रेया त्याच हॉस्पिटलात नर्स होती. काल सकाळी रात्रपाळी संपवून ती घरी येत होती. लालबागच्या पुलाखाली, अगदी चाळीसमोर, एका पांढऱ्या गाडीने तिला उडवलं. गाडी थांबली नाही. नंबर कुणी पाहिला नाही. पण तिथल्या खांबावर कॅमेरा आहे, हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. गंगुबाई कालपासून त्या एका आधारावर उभी होती.

तिच्या मागे लवू मेस्त्री उभा होता. शेजारी म्हणून ती त्याला सोबत घेऊन आली होती. त्या कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे हे जगात एकट्या लवूला ठाऊक होतं. प्लायवूड, पत्रा, सोडावॉटरच्या बाटलीचं बूड आणि गणपतीच्या रोषणाईतला एक उरलेला लाल दिवा.

लवू गणपतीत मंडळांसाठी हलते देखावे करायचा. कंसाचं मुंडकं उडवणं, समुद्राला लाटा आणणं हा त्याच्या हातचा मळ. पुलाखाली अपघात वाढले तेव्हा चाळीने अर्ज केला, कॅमेरा बसवा. कॅमेरा बसला, पण पुलावर. वर रस्ता सरळ, गाड्या सुसाट, दंड भरपूर. खाली माणसं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायची, तिथे काही नाही. पुलावर चलानं पडतात आणि पुलाखाली माणसं, असं लवू चिडून म्हणायचा.

नुसतं चिडून भागेना, तेव्हा एका दुपारी त्याने पिवळं जाकीट चढवलं, डोक्यावर हेल्मेट घातलं, शिडी लावली आणि आपला डबा खांबावर ठोकला. कुणी हटकलं नाही. भजीवाल्याने तर शिडी धरली.

दिवा लुकलुकायला लागला आणि गाड्या हळू झाल्या. वर्षभर त्या जागी कुणाला साधं खरचटलंही नाही. गल्लीतल्या पुढाऱ्याने आयत्या पिठावर रेघोट्या ओढत स्वतःच्याच अभिनंदनाचा फलक लावून घेतला. कॅमेरा तर आलाच, म्हणून चाळीने अर्ज मागे घेतला. लवूने तो घेऊ दिला. एक रुपया दंड न घेता माणसं वाचवणारा कॅमेरा मुंबईत आपला एकट्याचा, या तोऱ्यात तो होता. आता तो तोरा उतरला होता. खरा कॅमेरा कदाचित आला असता. आपण आड आलो.

भिंतीकडच्या बाकड्यावर एक बाप-लेक साहेबांची वाट बघत बसले होते. दोघंही चांगल्या घरातले दिसत होते. मुलगा विशी-बाविशीचा. मान खाली, गुडघा सारखा थरथरत होता. बापाने त्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

"उन्मेष, घाबरू नकोस," बाप हळूच म्हणाला. "कॅमेऱ्यात आलंच आहे सगळं. आपण होऊन सांगितलेलं बरं."

आलं असेल पुलावरचं जबर चलान, असं लवूला वाटलं. दंडाला काय रडायचं? त्याने मान फिरवली.

"थंडीत ठेवलीय ओ तिला," गंगुबाई हवालदाराला सांगत होती. "पंख्याखाली झोपली तरी सर्दी व्हायची तिला. पण दोन दिवस काढील. माझी पोर शहाणी आहे."

लवूच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस, मग आणखी दोन. ही बाई लेकीला त्या बर्फात ठेवून आपल्या डब्याकडे डोळे लावून बसणार. गप्प राहणं सोपं होतं. त्याचं नावही कुठे आलं नसतं. पण त्याला ते बघवेना.

"वहिनी, श्रेयाला घरी आणूया," तो म्हणाला. "त्यात काय नाय दिसणार. तो कॅमेरा मी बनवलाय. आत बाटलीचं बूड आहे नुसतं."

गंगुबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती टेबलाचा पाय धरून हळूहळू खाली बसली.

"म्हणजे तिथे कॅमेराच नाही?" हवालदाराने पेन खाली ठेवलं.

"नाही साहेब. काय करायची ती शिक्षा करा मला."

"तुम्हाला शिक्षा करून काय होणार, काका? नंबर नाही, साक्षीदार नाही. तो गाडीवाला आता कुठून शोधायचा?"

बाकडं करकरलं. बाप उठून उभा राहिला होता. मुलगा उठला नाही. तो जमिनीवर बसलेल्या गंगुबाईकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. बापाने त्याला दंडाला धरून उठवलं आणि दाराकडे नेलं.

"अहो, चाललात कुठे? साहेब येतीलच इतक्यात," हवालदार म्हणाला. "काय काम होतं तुमचं?"

"काही नाही," बाप म्हणाला. "पाकीट हरवलं होतं. सापडलं."