आधी सुनेची झोप

चौऱ्याहत्तर साली सोलापूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि ईरम्माला घरी पाठवलं. सून नीलम्मा तिच्या उशाशी बसून बसून पार वाळली, तेव्हा चाळीतल्या बायकांनी मिलसारख्या पाळ्या लावून घेतल्या. कुणी ईरम्माची कूस बदलायची, कुणी घरच्यांच्या भाकरी थापायची.

"मी तर चाललेच की," ईरम्मा खेकसायची, "आदी माज्या सुनंला झोपवा!"

एका दुपारी मिलचा भोंगा वाजता वाजता ईरम्मा गेली. तिची बहीण धावत आली आणि दारातच हंबरडा फोडणार, तोच पाळीवरच्या सोजरबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला.



"गप बसा मावशी! नीलम्माचा आत्ता कुटं डोळा लागलाय. ती उठू दे, मग रडू की समद्या."