डेटॉलचा वास

मुलासाठी दुसऱ्यांदा क्षमाला बघायला आलेल्या चंपाबाईंनी तिचा हात कुरवाळला. “काय गुणाचा हात हाय गं!” चार वर्षांपूर्वी त्यांनीच तो झटकला होता. तेव्हा क्षमाची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. “हाताला डेटॉलचा वास मारतोय,” म्हणत पाहुणे चहासुद्धा न पिता परतले होते. आई गेली. तिचं करताकरता हात बसला, म्हणून क्षमा नर्सिंगला गेली, बेळगावात सिस्टर झाली. वास तोच राहिला. “आमच्या ह्यास्नीबी लकवा झालाय,” चंपाबाई म्हणाल्या. “नोकरीची दगदग कशाला? घरातच दवाखाना हाय की.” वडिलांनी घाईनं मान डोलावली. “व्हय, आईचं सगळं तिनंच केलंय. सवय हाय तिला.” क्षमानं हात सोडवून घेतला. मोरीवर कोपरापर्यंत घासून धुतला, पेशंटपासून उठल्यावर धुते तसा. पर्स अडकवून म्हणाली, “आप्पा, पाव्हण्यास्नी पोहे तुमीच द्या. सवय करा.”