टाके दुखतात

"सिस्टर, कंबर फार दुखतेय गं." पित्ताशयाच्या ऑपरेशनमुळे सगुणाबाईंची कंबरेची रोजची गोळी बंद केली होती.

"कंबर जुनीच आहे ना, मावशी? टाके दुखतात का?"

"टाक्यांचं काही नाही."

"मग झोपा." सिस्टर निघून गेली.

बाई छताकडे बघत कण्हत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हाक मारली. "टाके दुखतात गं!" सिस्टर इंजेक्शन घेऊन धावतच आली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा कंबर गप्प बसली.

संध्याकाळी नवरा भेटायला आला. "आज कंबरेचं नावसुद्धा नाही! मी म्हणतच होतो, सगळं तुझ्या मनातलं आहे."

"असेल हो," बाई म्हणाल्या. "जरा सिस्टरला हाक मारा. टाके पुन्हा दुखायला लागलेत."