सुटू नये म्हणून

वारलेल्या बाबांचं चित्र दोन काचांच्या मध्ये डिंकानं चिकटवलेलं होतं; वर्षभरात तो डिंक फुगला आणि चित्राचा थर सुटला. म्हणून हेरंबनं त्याच चित्राची नवी काच बसवली. तिच्यातला डिंक जिवंत होता, पकड घट्ट करत स्वतःच वाढणारा.

सकाळी त्याची बायको शर्वरी चित्रावरचं कालचं गंध पुसायला गेली, तर ते निघेना.

"अहो, गंध काचेच्या आत गेलंय!"

गंधात तिच्या बोटाच्या रेषाही दिसत होत्या. हेरंबनं तिचं बोट पाहिलं. टोक काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

"दुखतंय?"

"नाही. काही जाणवतच नाही."

आई तर रोज त्याच चित्राला कपाळ टेकवून कितीतरी वेळ उभी राहायची. हेरंब धावतच तिच्या खोलीत गेला.

आईनं पदर सावरला आणि अदबीनं म्हणाली, "बसा ना. आपण कोण?"