उसनी लेकरे

विस्तार अधिकारी बाईंनी बोट फिरवून मुले मोजली. "वीस," त्या समाधानाने म्हणाल्या. शाळा समितीचे अध्यक्ष भानुदास यांचा जीव भांड्यात पडला. पट विसाखाली गेला असता, तर अनुदान थांबून शाळेला कुलूप लागले असते आणि चिमुकल्यांना घाट उतरून परगावी जावे लागले असते.

अकरा मुलांनी धडा घडाघडा वाचला. बाराव्या मुलीने मात्र पुस्तक परत दिले.

"मला नाय येत. ह्या काकांनी गुळपापडी कबूल केली, म्हनून आमी भट्टीवरनं आलो."

वर्ग खदखदून हसला. धरणीमाय पोटात घेईल तर बरे, असे भानुदासांना झाले. ते हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, अपराध माझा. गावची अकराच. ही नऊ वीटभट्टीवरनं उसनी आणली."

"मग यांची शाळा आज बुडाली?"

"त्यांना शाळाच नाही, मॅडम."

बाईंनी हजेरीपट पुढे ओढला. "अहो अध्यक्ष, शाळा नसलेली नऊ मुले तुमच्याच शिवारात, आणि तुम्ही ती एका दिवसापुरती आणता? जा, आईबापांना बोलवा. नावे घातल्याशिवाय मी उठणार नाही."

भानुदास अनवाणीच भट्टीकडे धावले. त्या मुलीची आई चिखल तुडवीत होती. त्यांनी धापा टाकीत सारे सांगितले.

"पाच वर्सं हितं येतोय, दादा," ती म्हणाली. "आजवर कुनी इचारलंच नाय."

मग तिने हातपाय धुतले, पदर सावरला आणि भानुदासांच्याही पुढे शाळेच्या वाटेला लागली.