बंद खोलीतली लहर

"बेलमधले सेलच काढून टाका," चाचणी अधिकारी खांबेटे मॅडम म्हणाल्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी सांगलीच्या आवटींनी बनवलेली वायरलेस बेल मंजुरीच्या चाचणीत पुन्हा नापास होत होती. आताही अडली तर त्यांच्या कारखान्याला कुलूपच लागणार होतं.

आवटींनी सेल काढले. तरी पडद्यावर, बेलला नापास करणाऱ्या आगंतुक रेडिओ लहरीचा सुळका तसाच उभा!

मॅडम चक्रावल्या. पत्र्याने मढवलेल्या या खोलीत बाहेरची एकही लहर शिरत नसे. इतर अधिकारी बाहेर बसून चाचणी घेत. मॅडमना मात्र उपकरणाशेजारीच बसायचं असे. दिवाळीपासून त्यांच्या हातून एकही उपकरण पास झालं नव्हतं आणि त्यांच्या कडकपणाचा दरारा वाढतच चालला होता.

त्यांनी आवटींना बाहेर पाठवलं. सुळका तिथेच. मग त्यांचा हात हळूच कानामागे गेला. दिवाळीत भाच्याने परदेशातून आणलेलं, फोनला बिनतारी जोडणारं श्रवणयंत्र त्यांनी बंद केलं. सुळका नाहीसा झाला.

सेल घालून बेल पुन्हा तपासली. पास!

दार उघडून मॅडमनी श्रवणयंत्र सहकाऱ्याच्या हातावर ठेवलं. "आता हे तपासा," त्या म्हणाल्या, "आणि निकाल जरा ओरडून सांगा."