शनिवार-रविवारचं काम

"या वेळी मला धरू नका," ती फोनवर म्हणाली.

पलीकडे टीमचा कप्तान होता. हॅकेथॉन तासाभरात सुरू होणार होती. दोन दिवस एका हॉलमध्ये ठाण मांडायचं आणि नवं ॲप उभं करून दाखवायचं, अशी ती स्पर्धा. दोघांनी मिळून आजवर नऊ केल्या होत्या. तीन जिंकल्याही होत्या. तिथं बनवलेलं एकही ॲप सोमवारनंतर कुणी उघडलं नव्हतं.

"तुझं ते घरचं प्रोजेक्ट कुठं पळून चाललंय?" कप्तान म्हणाला. "तीन वर्षं घोळत बसलीयस."

हे मात्र खरं होतं. तिची ताई इस्पितळात नर्स. वॉर्डात ड्युट्यांची अदलाबदल चिठ्ठ्यांवर चालायची. चिठ्ठ्या हरवायच्या, मग भांडणं. ताई एकदा सहज म्हणाली होती, "तू एवढी कॉम्प्युटरवाली, आमचं हे काहीतरी मार्गी लाव ना." तेव्हापासून ती ड्युट्या बदलायच्या एका ॲपच्या मागे होती. चारदा सगळं पाडून पुन्हा उभं केलं होतं. आठवडाभर ऑफिसचं कोडिंग, सुट्टीला एकतर स्पर्धा नाहीतर हे. मान आखडली होती. डोळ्यांची आग व्हायची. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, असं तिने ठरवलं होतं.

"येत नाही म्हणजे नाही," म्हणून तिने फोन ठेवला, लॅपटॉप उचलला आणि थेट इस्पितळ गाठलं.

ताई नर्सांच्या खोलीत औषधांच्या ट्रेवर नावं लावत होती. शेजारी दोन नर्स एका मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या होत्या. "माझा मंगळवार तू घे, तुझा गुरुवार मी घेते," एक म्हणाली. त्या नर्सने बटण दाबलं. झालं.

पडद्यावरचा तो हिरवा रंग ओळखीचा वाटला. तिने वाकून पाहिलं. तिचंच ॲप होतं. अगदी पहिलं.

"ताई, हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? तूच नाही का पाठवलंस, पहिल्याच रविवारी? कच्चं आहे, नुसतं बघून ठेव म्हणालीस. आम्ही वापरायलाच लागलो. छान चाललंय की."

"तीन वर्षं? अगं, मग मला सांगायचं तरी!"

"कधी सांगणार? फोन केला की तू कामात. आणि काम कसलं, ते कधी कळतं का आम्हाला?"

ती मिळेल त्या खुर्चीत बसली. हसावं की रडावं, कळेना.

"बरं," शेवटी ती म्हणाली, "काही अडतं का त्यात?"

"अक्षरं तेवढी मोठी कर. सगळ्यांना चाळिशी लागलीय."

चार मिनिटं लागली. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते, शनिवार सकाळचे. अख्खे दोन दिवस हाताशी होते, आणि सुट्टीत माणसं करतात तरी काय, हे तिला काही केल्या आठवेना.